सहा नोकऱ्या आणि एक लांब पट्टी

गेल्या महिन्यात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. मी स्वतःहून गेलो नव्हतो, एका मित्राने नाव दिलं होतं. समोरच्या साहेबांनी माझा बायोडाटा वरून खाली वाचला, मग परत खालून वर वाचला आणि म्हणाले, तुम्ही कुठं स्थिर दिसत नाही हो. मशीनशॉप, मग औषधाची कंपनी, मग मोबाईल दुकान, मग भाजी, मग फाउंड्री. याला मी काय समजायचं?

मी तिथं काहीतरी पुटपुटलो, घरच्या अडचणी होत्या वगैरे, पण येताना निपाणीपर्यंत डोक्यात तेच. खरं उत्तर लांब आहे आणि इंटरव्ह्यूत ते द्यायला कोण वेळ देतो, म्हणून इथं लिहितोय.

मी मूळचा बेळगाव-वडगावचा. आमच्याकडे घरात माग होता, म्हणजे दोन पॉवरलूम, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. ज्यांचं लहानपण वडगाव, खासबाग, शहापूर या भागात गेलंय त्यांना तो खटखट आवाज सांगायला नको, आवाज थांबला तर झोपेतून जाग येते असली तऱ्हा. शाळेतून आलं की कांड्या भरायच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या गुंडाळायच्या, हे माझं पहिलं काम, पगार म्हणजे रविवारी भडंगाला पैसे. बाबा साडीवर बसलेले असायचे आणि मध्येच ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा धागा तुटायचा. हजारो धाग्यांतला एक. तो तुटलेला शोधून, फणीतून आणि वयीतून परत ओवून गाठ मारायची, त्यात बाबांची नजर कमी झाल्यावर मला हाक यायची, "ये रे, बघ जरा कुठं गेलंय ते." मला तो धागा शोधायला आवडायचं. साडी विणायला अजिबात नाही, पण धागा शोधायला आवडायचं. तेव्हा याचा काही अर्थ असतो हे कळायचं वय नव्हतं.

2007 ला दहावी झालो, मराठी माध्यम, 58 टक्के. बाबा म्हणाले मागावर काही राहिलं नाही, आयटीआय कर. टर्नर ट्रेड मिळाला. तिथं थिअरी शिकवणारे सर कन्नडमधून सांगायचे, पुस्तक इंग्लिशमध्ये आणि माझ्या डोक्यात सगळं मराठीत, त्यामुळे पहिले सहा महिने मी फक्त फळ्यावरच्या आकृत्या बघून शिकलो. आज वाटतं त्याचा फायदाच झाला, ड्रॉइंग वाचायला भाषा लागत नाही. पण तेव्हा फार न्यूनगंड यायचा. उत्तर आलं तरी हात वर करायचो नाही, कारण उभं राहून बोलायचं कुठल्या भाषेत.

पहिली नोकरी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत. बेळगावात उद्यमबाग म्हणजे आमच्यासारख्यांचं विद्यापीठच म्हणा, गल्लीतला एक तरी माणूस तिथं कामाला असतोच, कोण फाउंड्रीत म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कोण मशीनशॉपला, कोण हायड्रॉलिकवाल्याकडं. मला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर घातलं. ऐकायला भारी वाटतं, घरच्यांनी पेढे वाटले. काम काय, तर पीस लावायचा, दार बंद, बटण, पावणेदोन मिनिटं थांबायचं, दार उघडायचं, पीस काढायचा, हवा मारायची, दुसरा लावायचा. बारा तासांच्या शिफ्टला सव्वातीनशेच्या आसपास पीस. प्रोग्रॅम कुणी केला, टूल का बदललं, ऑफसेट कसला दिला ते सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, बघणार, आपण विचारलं की "तू पीस लाव की बे, तुला काय करायचंय". पगार 4,500. दीड वर्ष केलं. एवढ्या वेळात एकच गोष्ट अंगात मुरली, ती म्हणजे माप. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज हातात धरल्याबरोबर कळायला लागलं की माझा हात दाबून मापतोय की सैल. बाकी मी मशीनचाच एक पार्ट होतो.

मधल्या काळात भरतीचा नाद लागला. आमच्याकडं हे सगळ्यांना लागतं, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर गावातच आहे, पहाटे पाचला येळ्ळूर रोडवर जाऊन बघा, पोरं नुसती पळत असतात. मीपण पळालो. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 45 सेकंदांत यायला पाहिजे होतं, मी 5:52 ला आलो. सात सेकंद. लोक म्हणतात परत पळायचं होतंस. पळालो की, दुसऱ्या वेळी गुडघा गेला. विषय संपला.

मग गोवा. बेळगावच्या पोराला नोकरी नसली की दोन रस्ते, एक पुणे आणि दुसरा चोर्ला घाट. 2013 मध्ये वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत ठेकेदारामार्फत लागलो, पॅकिंगला. हातात 9,000. एका खोलीत सहाजण, त्यात दोघं खानापूरचे, एक हुक्केरीचा, बाकी बिहारचे. शनिवारी रात्री बस धरून बेळगावला यायचं, रविवारी आईच्या हातचं खायचं, कपडे धुऊन घ्यायचे, पहाटे परत घाट. घाटात मला कायम उलटी व्हायची आणि कंडक्टर मला ओळखायला लागला होता, चढल्या चढल्या पिशवी हातात द्यायचा.

त्या कामाबद्दल मी बाहेर फार वाईट बोलायचो, कारण कंटाळवाणं होतं. पट्ट्या येतायत, खोक्यात जातायत, मोजा, सील करा. पण एक सवय तिथं लागली. प्रत्येक बॅच सुरू करायच्या आधी लाईन क्लिअरन्स करायचा असतो, म्हणजे मागच्या औषधाची एक पट्टी, एक लेबलसुद्धा लाईनवर कुठं पडून राहिलं नाही ना हे वाकून, खाली झोपून बघायचं आणि कागदावर वेळ घालून सही करायची. आमचा सुपरवायझर केरळचा होता, मोडक्या हिंदीत एकच वाक्य रोज म्हणायचा, लिखा नहीं तो किया नहीं. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. त्या वाक्याने पुढं माझं काय भलं केलं ते सांगतोच.

तिथून निघालो ते रागाने. ठेकेदार पगारातून पीएफ कापत होता, दोन वर्षं कापला, आणि पुढं पीएफ खात्याचा यूएएन नंबर काढून पासबुक बघितलं तर चारच महिन्यांचा भरलेला. भांडलो, कंपनी म्हणाली ठेकेदाराला विचार, ठेकेदाराने फोन उचलायचं बंद केलं. ठेक्यावर असणाऱ्या पोरांनो, सरकारच्या उमंग अॅपवर दर दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक बघत जा, पगाराच्या स्लिपवर विश्वास ठेवू नका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

परत आलो 2015 ला. आई म्हणाली एखादी सरकारी बघ. एसडीएचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या कारकुनाचा फॉर्म भरला, आणि तिथं कन्नडचा सक्तीचा पेपर. बोलायला मला कन्नड येतं, गल्लीतलं, बाजारातलं, हौद्री, इल्री, ऊटा आतेन्री, मागावर निम्मे कारागीर कन्नडच बोलायचे. पण निबंध? पत्र? एक क्लास लावला, तीन महिने काढले आणि पेपरात अर्ज लिहिताना अर्जाचा मायनाच आठवेना. नापास. इकडं कर्नाटकात भाषा आडवी, तिकडं महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या 865 गावांसाठी सोय आहे म्हणतात, खरंच आहे, जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण त्याचा दाखला गोळा करायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. मी सोडून दिलं. माझ्या ओळखीतले दोघं चिकाटीने ते करून लागले, त्यांचं कौतुक आहे. माझ्यात ती चिकाटी नव्हती हे खरं.

खडेबाजारात एका मोबाईल दुकानात बसलो. पगार 7,000, म्हणजे गोव्यापेक्षा कमी, पण घरचं जेवण. सुरुवातीला कव्हर आणि टफन ग्लास विकायचो. हे मला जमलंच नाही. समोरच्याला पन्नासची वस्तू दीडशेला द्यायची आणि वर "तुमच्यासाठी म्हणून" म्हणायचं, माझ्या तोंडावर सगळं दिसायचं. मालक म्हणायचा, "अरे हसून बोल की, गिऱ्हाईक हाय, सासरा न्हाई तुझा." मग त्यानेच कंटाळून मला मागं रिपेअरच्या टेबलावर पाठवलं, आणि तिथं मात्र मी रमलो.

पाण्यात पडलेला फोन येतो, बंद. नवीन पोरगा काय करतो, लगेच गरम हवा मारून आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, उचलायला लागतो. आमचा जुना कारागीर मला म्हणाला, आधी हात लावू नको, डीसी सप्लाय लाव आणि बटण न दाबता किती करंट खातोय बघ. बटण न दाबताच काटा हलला तर शॉर्ट कुठल्या तरी मेन लाईनला, बटण दाबल्यावर हलून परत खाली आला तर गोष्ट वेगळी. म्हणजे फोन उघडायच्या आधीच निम्मं उत्तर. हे शिकल्यावर मला रात्री झोप यायची नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने, पडल्या पडल्या डोक्यात बोर्ड दिसायचा.

त्याच काळात लग्नाचं बघणं सुरू. चार ठिकाणी नकार, कारण एकच, "पोरगा परमनंट हाय काय?" पाचवं स्थळ निपाणीचं. तिची आई विड्या वळून तिघा पोरांना शिकवलेली बाई, तिने परमनंट बिरमनंट काही विचारलं नाही. विचारलं, "काम नसलं तर घरात बसता काय?" मी म्हटलं नाही बसत, भाजी विकीन. तिने मान हलवली. आणि चार वर्षांनी ते अक्षरशः खरं झालं, 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, दुकान बंद, मालक म्हणाला पगार अर्धा पण देऊ शकत नाही, आणि मी मेहुण्याच्या टमटममधून उचगाव-बेळगुंदी भागातली रताळी, कोबी, ढबू मिरची आणून वडगावात गल्लीगल्लीत विकली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पैसे बरे सुटले, घसा बसला.

दुकान परत सुरू झालं तेव्हा मालकाने माझ्या जागी भाच्याला बसवलं होतं. त्याचंही चुकलं म्हणत नाही.

मग शिनोळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेळगावातून वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा करत बाची गाव येतं, ते कर्नाटकातलं शेवटचं, आणि लगेच शिनोळी, चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिथं एमआयडीसी आहे. बेळगावची खूप पोरं रोज दुचाकीवरून दुसऱ्या राज्यात कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात, इतर वेळी सीमा लक्षातही येत नाही, पण कोरोनात बाची नाक्यावर पोलीस उभे, आरटीपीसीआर दाखव, पास दाखव. सकाळी जाताना काही नाही, संध्याकाळी स्वतःच्या घरी यायला रिपोर्ट. एकदा दीड तास पावसात उभा होतो. अजून एक गंमत म्हणजे 1 नोव्हेंबरला आमच्या कंपनीला सुट्टी नसते आणि इकडं बेळगावात एका बाजूला कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरी, त्या दिवशी कामावर वेळेत पोचायचं म्हणजे पहाटेच शहराबाहेर पडायचं.

फाउंड्रीत मी फेटलिंगला लागलो, रोज 380. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगवरची कड, रायझरचे म्हणजे जादा रसाच्या खांबांचे बुंधे हँड ग्राइंडरने घासून काढायचे. सगळ्यात खालचं काम. नाकातून काळं यायचं, बायको अंगणातच कपडे काढायला लावायची. वय 29, आयटीआय झालेला, मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करणारा माणूस ग्राइंडर मारतोय. चुलते भेटले की म्हणायचे, "आता काय करुलालास?" त्यातला तो "आता" फार लागायचा.

तीन-चार महिन्यांनी ती हाउसिंगची भानगड झाली.

हाउसिंग म्हणजे एक कास्टिंग होतं, बाहेरून गोल, आतून पोकळ, साधारण नारळाएवढं. मशीनशॉपवाल्याने लॉटमधले जवळजवळ चाळीस पीस परत पाठवले. तक्रार अशी की बोअर मारल्यावर, म्हणजे आतलं भोक मशीनवर कापल्यावर, आत एका बाजूला काळं राहतंय, म्हणजे टूल तिथं लागतच नाही, कास्टिंगचं मूळ काळं कातडं तसंच. सगळ्यांनी मोल्डिंगच्या, म्हणजे दोन पेट्यांत वाळूचा साचा करणाऱ्या पोरांना धरलं, ती बिहार-झारखंडची, त्यांना कोण बोलणारं नाही, "पेटी नीट बसवत न्हाईत, वरची-खालची सरकते" म्हणून त्यांचा एक दिवसाचा पगार कापायचं ठरलं.

मी ते परत आलेले पीस घासायला बसलो होतो. आणि पेटी सरकली असती तर बाहेरच्या अंगाला, जिथं दोन पेट्या जुळतात तिथं, पायरी पडायला पाहिजे. नख फिरवलं. पायरी नाही. दुसरा, तिसरा, सगळ्यांवर नख फिरवलं, कुठंच पायरी नाही. मग हे काय? जेवणाच्या सुट्टीत खडू घेतला, पिसांवर नंबर टाकले आणि, लिखा नहीं तो किया नहीं ही गोव्याची सवय, एका पुठ्ठ्यावर लिहीत गेलो, नंबर अमुक, काळं कुठल्या बाजूला. घड्याळासारखं, बारा वाजता, तीन वाजता असं. पण बारा कुठं धरायचे? कास्टिंगवर पार्ट नंबरची उठावाची अक्षरं होती, ती वर धरली. एकोणचाळीस पीस. सदतीस पिसांत काळं बरोबर अक्षरांच्या खाली. बारा वाजता.

आता अक्षरं पॅटर्नच्या, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात त्या नमुन्याच्या, वरच्या भागात आहेत, म्हणजे ओतताना ती बाजू वर असते. म्हणजे आतला वाळूचा कोअर, ज्यामुळे कास्टिंग आतून पोकळ राहतं तो, दरवेळी वरच सरकतोय. पोरांच्या हाताची चूक असती तर कधी डावीकडं, कधी उजवीकडं झाली असती. दरवेळी वरच का?

हे मी ज्यांना विचारलं ते पॅटर्न शॉपमधले मामा. सत्तरीला टेकलेले, मूळ सुतार, सगळे मामाच म्हणतात. त्यांनी पुठ्ठा बघितला, चष्मा काढून परत बघितला आणि विचारलं, "हे कुणी लिवलं?" मी म्हटलं मीच. ते म्हणाले, लाकूड पाण्यात टाकलं तर काय होतं? तरंगतं. मग वाळू लोखंडाच्या रसात काय करंल? डोक्यात लख्ख उजेड पडला. लोखंडाचा रस पाण्याच्या सातपट जड, वाळूचा कोअर जेमतेम दीडपट, रस आत आला की कोअर वर उसळणार, बुचासारखा. त्याला दोन्ही टोकांना कोअर प्रिंटच्या खोबणीत दाबून धरलेलं असतं म्हणून तो जागेवर राहतो. आम्ही दोघांनी कोअर आणून मापला. महिन्याभरापूर्वी कोअर बॉक्स, म्हणजे कोअर घडवायचा साचा, नवीन केला होता आणि त्यात टोकं जवळजवळ 3 मिलीमीटरने बारीक येत होती. खोबणीत सैल. बोअरला कापायचं मटेरियल ठेवलेलं 2 मिलीमीटर. कोअर उसळतोय, त्यात खोबणीची वाळूपण दबतेय, मग राहणारच की काळं.

कोअर बॉक्सची टोकं मोठी केली, पुढच्या लॉटला एकही पीस त्या कारणाने परत आला नाही. मोल्डिंगच्या पोरांचा पगार वाचला, त्यांनी मला त्या रविवारी लिट्टी खायला बोलावलं. मालकाने काही शाबासकी वगैरे दिली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मामा येऊन म्हणाले, "ग्राइंडर ठेव तो, माझ्याकडं ये."

त्या दिवशी घरी गेलो आणि जेवताना हे सगळं सांगत बसलो, ताटातली भाकरी वाळली, वाटी उलटी करून कोअर दाखवतोय, चमचा म्हणजे प्रिंट. आई ऐकत होती. तिला फाउंड्रीतलं ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणाली, "उद्यमबागेत व्हतास तवा घरी येऊन कधी कामाचं बोललास न्हाईस. गोव्यास्नं आलास की नुस्ता पगाराचं. त्या मोबाईलच्या टेबलाचं बोलायचास आणि आज हे." बायको म्हणाली खरंय. मी गप्प बसलो. नोकरी आवडते की नाही हे मी इतकी वर्षं पगाराने, लोकांच्या तोंडाने, परमनंट आहे की नाही याने मोजत होतो, आणि आई शांतपणे जेवणाच्या ताटावरून मोजत होती.

पॅटर्न शॉपमधला पहिला दिवस मात्र माझ्या फजितीचा. मामांनी एक स्टीलची पट्टी दिली आणि एका लाकडी तुकड्यावर 300 मिलीमीटरची खूण करायला सांगितली. मी केली, आणि सवयीने माझ्या स्वतःच्या पट्टीने तपासली. 303. परत केली, परत 303. टर्नरचा माणूस मी, तीन मिलीमीटर म्हणजे माझ्या दृष्टीने गुन्हा. मी मामांना म्हटलं, मामा, तुमची पट्टी खोटी आहे, फेकून द्या. मामा इतके हसले की बिडी विझली. म्हणाले, "खोटी न्हाई गा, ती थंड झालेल्या लोखंडासाठी खरी हाय."

रस थंड होताना आकसतो, बिडाचं लोखंड साधारण शंभराला एक. म्हणून 300 चं कास्टिंग पाहिजे तर पॅटर्न 303 चा. दरवेळी गणित करत बसण्यापेक्षा पट्टीच तेवढी लांब करून घेतलेली असते, आकडे नेहमीचेच, फक्त प्रत्येक मिलीमीटर जरासा मोठा. अॅल्युमिनियमची वेगळी, स्टीलची त्याहून लांब, कारण स्टील दुप्पट आकसतं. त्याच्यावर मशीनिंगसाठी ठेवायचं मटेरियल, वाळूतून पॅटर्न न मोडता निघावा म्हणून दिलेला टेपर, कोपऱ्यांना गोलाई. म्हणजे ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय ते बनवायचंच नाही, ते शेवटी उरेल असं काहीतरी बनवायचं. मला हे प्रकरण भयंकर आवडलं. आजपण आवडतं. एखाद्या ड्रॉइंगवर मी आणि मामा दोन दोन तास भांडतो, पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथं वेगळे होतात ती रेघ, इथून घ्यायची की तिथून, आणि घड्याळ बघितलं तर चहा होऊन गेलेला असतो.

सगळं गोड आहे असं समजू नका. पगार आता 24,000 आहे, माझ्याबरोबर उद्यमबागेत लागलेला सेटर झाला, त्याला माझ्यापेक्षा बराच जास्त मिळतो. सागवानाची धूळ मला सोसत नाही, शिंका. आणि हाताने पॅटर्न करणारे कमी होत चाललेत, आता कॅडवर डिझाईन करून सीएनसी राउटरवर कापतात, म्हणून गेल्या वर्षीपासून मी टिळकवाडीत संध्याकाळी कॅडचा क्लास करतोय. वर्गात सगळी इंजिनिअरिंगची पोरं, मला काका म्हणतात. सॉफ्टवेअर त्यांना माझ्यापेक्षा दहापट येतं. पण परवा एकाने सुंदर मॉडेल काढलं आणि मी विचारलं, हे वाळूतून बाहेर कसं काढणार बाबा? तो माझ्याकडं बघतच राहिला.

एक घरची गंमत. मामांनी मला एक जुनी पट्टी कायमची देऊन टाकली, ती मी घरी टेबलावर ठेवली होती. पोरगी तिसरीत आहे, तिने ती कंपासमध्ये घालून शाळेत नेली. 10 सेंटिमीटरची रेघ काढायला सांगितली होती, हिची प्रत्येक रेघ एक मिलीमीटर जास्त. मॅडमनी सगळ्या रेघांवर लाल गोल. घरी येऊन रडली, बाबा तुमची पट्टी खोटी आहे. मी मामांचं वाक्य सांगायला गेलो तर बायकोने डोळे वटारले. पोरीला दहा रुपयांची प्लास्टिकची पट्टी आणून दिली.

तर कागलचे साहेब. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला, घेतो म्हणाले, इथल्यापेक्षा 6,000 जास्त, पण काम लाईन सुपरवायझरचं, हजेरी आणि प्रॉडक्शनचा आकडा बघायचा. आठवड्यातून एकदाच घरी. मी दिवाळीपर्यंत वेळ मागितलाय. घरात दोन मतं आहेत, बायको म्हणते कर्ज आहे, विचार कर, आई काहीच म्हणत नाही, फक्त भाकरी वाढताना बघते मी बोलतोय की नाही ते. पैशाचं गणित खरं आहे, ते मी टाळत नाही. एकदा वाटतं जावं, वर्षभर करून कर्ज फेडून परत यावं. मग वाटतं तोपर्यंत मामा थांबतील का, त्यांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू उतरलाय आणि मुलगा त्यांना पुण्याला बोलावतोय.

हे लिहिता लिहिता त्यांचाच फोन येऊन गेला. पाऊस चार दिवस धरलाय, शेडमध्ये गळती लागून पंपाच्या बॉडीचा लाकडी पॅटर्न फुगलाय, जोड उघडलेत आणि सोमवारी त्याचंच ओतकाम आहे. म्हणाले लवकर ये, आणि येताना बारीक पॉलिशपेपर घेऊन ये. बाचीच्या अलीकडं रस्त्याला नुसते खड्डे आहेत, म्हणजे उद्या साडेसहालाच निघायला पाहिजे.